विंडोजला चंद्र दिसत नाही

"मॅडम, नवीन विंडोज टाकू का?" हा प्रश्न मला कुवेतमध्ये जितक्या लोकांनी विचारला, तितक्यांनी "कशा आहात?" असंही विचारलं नसेल. गंमत म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असायचं. सीडी त्याने आधीच आणलेली असायची. त्याला हवी असायची माझी संमती, म्हणजे उद्या काही बिघडलं तर "मॅडमने बोला था" म्हणायला तो मोकळा.

माझं उत्तर बहुतेक वेळा "थांबा" असंच असे. फरवानियातल्या ज्या छोट्या कंपनीत मी नोकरी करत होते, ती कॉम्प्युटर विकायची आणि दुरुस्तही करायची. विकणाऱ्या बाजूला माझं हे "थांबा" अजिबात आवडत नसे. पण नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या पाठोपाठ नाशिकहून तिथे गेले तेव्हा "बाई येणार मशीन दुरुस्त करायला?" म्हणून नाक मुरडणारी गिऱ्हाइकंच पुढे "त्याच बाईंना पाठवा" म्हणून फोन करू लागली. त्यामुळे साहेब गप्प बसायचे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. भाजी ओटा करत नाही, पण ओट्याशिवाय भाजीही होत नाही. जुना कडाप्प्याचा ओटा काढून नवा ग्रॅनाइटचा बसवला की घर खुलून दिसतं. मग कळतं की गॅसची नळी आखूड पडतेय आणि मिक्सरचा प्लग भलत्याच भिंतीला गेलाय. म्हणून नवीन विंडोजचा सल्ला द्यायचा असेल तेव्हा मी स्क्रीनकडे बघतच नसे. आधी मशीनच्या मागे जाऊन वायरी कुठे जातात ते बघायचं, आणि मग पुढे खुर्चीत कोण बसतं ते बघायचं. तिथे धूळ फार असते. माझ्या ओढण्या त्या धुळीने कायमच्या करड्या झाल्या.

सलव्यात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या मशीनच्या मागून एक जाड वायर एक्स-रेच्या यंत्राकडे जात होती, आणि ते यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, नवीन विंडोजला हे यंत्र ओळखता येणार नाही." ते म्हणाले, "शिकेल हळूहळू." मी हात जोडले. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी विंडोज बदलून घेतली, आणि पुढच्याच आठवड्यात मला त्यांच्याकडे जुनी विंडोज परत बसवून द्यावी लागली. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला आणि मी टेबलाखाली, असं ते काम केलं.

आणि आपले बापटसाहेब. तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे, आणि बाजारात येईल ते पहिल्या दिवशी घरच्या मशीनवर टाकणारे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका त्यांच्याकडेच असे. त्या काळात मराठी फाँट म्हणजे एक प्रकारची धूळफेक होती. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठी कपडे. कुवेतमध्ये नवीन मशीनवर अरबी चालू केलेलं असायचंच, आणि ते त्याच अक्षरांवर अरबी कपडे चढवायचं. साहेबांनी नवीन विंडोज टाकली, पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी उजवीकडून डावीकडे काहीतरी अगम्य अरबी. वहिनी फोनवर म्हणाल्या, "अहो, बाप्पाने इकामा काढला वाटतं." तिथे राहायचा परवाना म्हणजे इकामा, तो आमच्या प्रत्येकाच्या पासपोर्टात चिकटवलेला. एक सेटिंग बदललं आणि बाप्पा परत मराठीत आले. बापटसाहेबांचा उत्साह मात्र रतीभर कमी झाला नाही.

हे झाले हसण्यावारी नेण्याचे प्रकार. मला खरा घाम फोडला तो अबू नासर यांच्या भटारखान्याने.

अबू नासर म्हणजे साठीचे कुवेती गृहस्थ. लहानपणी वडिलांबरोबर खजुराच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी अस्सल मुंबईची. दस्मानला त्यांचं ऑफिस आणि फरवानियात मोठं स्वयंपाकघर होतं. लग्नाकार्याची जेवणं ते करतच, पण मुख्य काम रमजानचं. रमजानभर रोज संध्याकाळी रोजा सोडायला मजुरांच्या वस्त्यांमध्ये आणि मशिदींबाहेरच्या तंबूंमध्ये जेवण पोचवायचं. भात, मटण, आणि हरीस, म्हणजे रात्रभर भिजवलेला गहू मटणाबरोबर तासन्तास शिजवून घोटलेली खीरच म्हणा, फक्त तिखटमिठाची. दिवसभर उन्हात पाण्याचा थेंब न घेता काम केलेली माणसं त्या गाडीची वाट बघत बसलेली असत.

कुठल्या तंबूत किती डबे, कुठल्या गाडीत काय, आणि त्यासाठी उद्या किती शिजवायचं, हे सगळं एक जुना अरबी प्रोग्राम सांगायचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. आणि तो प्रोग्राम चालवायचे इब्राहिमभाई मुकादम, आपले रत्नागिरीकडचे. पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्यांनी मराठीत विचारलं होतं, "काय गो बाय, चाय घेतंस?" तेव्हापासून मी त्यांची बाय.

तो प्रोग्राम ज्यावर चालायचा ते मशीन आता शेवटच्या घटका मोजत होतं. नवीन मशीनवर यायची विंडोज एक्सपी, आणि जुना प्रोग्राम तिच्यावर चालत नव्हता. त्याच प्रोग्रामची एक्सपीवर चालणारी नवी आवृत्ती मात्र मिळत होती. म्हणजे बदलायचं तर दोन्ही एकदम बदलायचं, आणि तेही रमजानच्या तोंडावर. माझं "थांबा" ओठांवर आलेलं होतं.

पण या वेळी खुर्चीत बसणारा माणूसच माझ्या मागे लागला होता. एरवी जुने ऑपरेटर नवीन मशीन बघून घाबरतात. इब्राहिमभाई उलट रोज विचारायचे, "कधी टाकतंस गो ती एक्सपी?" मला कळेना. मग एक दिवस चहा पिताना त्यांनी सांगितलं. जुना प्रोग्राम त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नसे, म्हणून इराकबरोबरच्या लढाईनंतर ते कामावर परत आले तेव्हापासून एकाही रमजानात त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. मुलं मोठी झाली, वडील गेले. आता आई थकली होती.

"बाय, दर वर्साला आई विचारते, या रमजानला येतंस ना? मी दर वर्साला सांगतंय, पुढच्या. आता ती विचारीत पण नाय. म्हणून जास्त लागतं गो."

नवीन प्रोग्रामला बटणं होती. गोदामाचा कारकूनही चार दिवसांत शिकला असता. मशीन बदललं की इब्राहिमभाई सुटले, इतकं ते सरळ होतं. आणि मशीन बदलायचं की नाही ते माझ्यावर सोडलेलं होतं. अबू नासर मला स्पष्ट म्हणाले होते, "मॅडम, मैं चावल समझता हूँ, विंडोज नहीं समझता। तुम बोलेगी तो करेंगे। लेकिन एक भी तंबू खाली रहा तो मैं अल्लाह को क्या मुँह दिखाऊँगा? उधर तुम्हारा नाम थोड़ी बता सकता हूँ।"

मी महिनाभर चाचण्या घेतल्या. सगळ्या याद्या जुन्या आणि नव्या मशीनवर शेजारी शेजारी काढून ताडून पाहिल्या. ऑर्डरी हिजरी तारखांवर होत्या, एक रमजान, दोन रमजान अशा. नवीन प्रोग्राम ही तारीख विंडोजकडून आपोआप घ्यायचा. मी ती भिंतीवरच्या अरबी कॅलेंडरशी पडताळली, बरोबर निघाली, आणि मी पुढे गेले. जुनं मशीन रोज सकाळी तारीख विचारायचं आणि इब्राहिमभाई ती हाताने टाइप करायचे. मला वाटलं, जुनाट पद्धत, दुसरं काय. मी "करा" म्हणून सांगितलं. इब्राहिमभाईंची रजा मंजूर झाली, तिकीट आलं. त्यांनी आईसाठी घेतलेली मऊ चादर मला बोलावून दाखवली.

रमजानच्या आधीच्या महिन्याला शाबान म्हणतात. त्या शाबानात संकष्टी आली. कुवेतमधल्या मराठी बायकांत संकष्टीवरून दोन पक्ष होते. एक पक्ष कॅलेंडरातली मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ पाळायचा, दुसरा आभाळात चंद्र बघूनच उपास सोडायचा. मी सोयीप्रमाणे पक्ष बदलत असे. त्या संध्याकाळी धूळ उठली होती, समोरची इमारतही दिसेना. मी बाल्कनीत ताम्हण घेऊन उभी. नवरा आतून म्हणाला, "अगं, वेळ होऊन गेली. छापलीय ना कॅलेंडरात? दिसला काय नि न दिसला काय, चंद्र उगवलाय. जेव आता."

मी आत आले, नैवेद्य दाखवला, मोदक फोडला. पहिला घास तोंडाशी नेला, आणि नवऱ्याचं वाक्य परत ऐकू आलं: दिसला काय नि न दिसला काय.

आपलं ठीक आहे. आपला चंद्र पंचांगकर्ते वर्षभर आधी गणित करून ठेवतात. चतुर्थी कधी, अमावास्या कधी, सगळं मिनिटासकट छापून भिंतीवर. जन्मभर त्या कॅलेंडरात बघून सण केलेली मी, हिजरी कॅलेंडरही तसंच असणार असं धरून चालले होते. पण त्यांचा महिना छापलेल्या गणिताने लागत नाही. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर डोळ्यांनी दिसली तर उद्या नवा महिना, नाही दिसली तर तीस पुरे करायचे. ते त्याच संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होतं. दरवर्षी मी ती घोषणा ऐकत आले होते, सगळं कुवेत ऐकतं. आणि विंडोज मात्र गणित करणार. त्या गणिताला जगात 'कुवेती' पद्धत म्हणतात असं मला मागाहून कळलं, आणि हसावं की रडावं कळेना. विंडोजचा काही दोष नव्हता, तिला डोळे थोडेच आहेत? इब्राहिमभाई रोज तारीख हाताने घालत होते ते एवढ्यासाठीच, आणि तिकडे आता गोदामाचा कारकून बटण दाबणार होता. विंडोज एक दिवस पुढे गेली तर महिन्याच्या सुरुवातीला अन्न वाया, आणि शेवटी तिसाव्या रोज्याला ती म्हणणार ईद झाली. त्या दिवशी एकही गाडी निघाली नसती.

मोदक ताटात तसाच राहिला. नवरा म्हणाला, "खारा झालाय का?"

दुसऱ्या दिवशी दस्मानच्या ऑफिसात जाताना मनात हिशेब चालू होता. खरं सांगितलं तर सगळ्यात सोपा उपाय एकच होता, इब्राहिमभाईंची रजा रद्द. न सांगता निभावून नेता येईल का, असंही मनात येऊन गेलं. पण ती तंबूंमधली माणसं डोळ्यांसमोर यायची. मी अबू नासरना सगळं सांगितलं. इब्राहिमभाई तिथेच उभे होते.

ते अबू नासरना म्हणाले, "हाँ बाबा। चाँद का तो मेरे ध्यान में ही नहीं आया। हाथ अपने आप टाइप करता था।" मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "जाऊदे गो बाय. पुढल्या वर्साला."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "थांबा." जन्मात पहिल्यांदा तो शब्द मी काम पुढे नेण्यासाठी वापरला असेल. विंडोजच्या सेटिंगमध्ये हिजरी तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करायची सोय आहे, हे मी आदल्या रात्री शोधून काढलं होतं. फक्त घोषणा ऐकून त्या संध्याकाळी ते कुणीतरी करायला हवं होतं, आणि यादी पुन्हा काढून आचाऱ्याच्या हातात द्यायला हवी होती. कारकुनावर पहिल्याच वर्षी हे सोपवणं धोक्याचं होतं.

"मी बसेन," मी म्हटलं. "सुरुवातीला आणि ईदच्या आधीही."

अबू नासर माझ्याकडे वळले. "तुम? तुम तो हिंदू है।"

"चंद्राची वाट बघायची मला सवय आहे," मी म्हटलं.

ते मोठ्यांदा हसले आणि इब्राहिमभाईंना म्हणाले, "जा, सामान बाँध। तेरी जगह पंडित मिल गया।"

त्या वर्षी शाबानची एकोणतीस तारीख आली ती नेमकी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. घरी पूजा मांडून ठेवली, नवऱ्याला आणि लेकीला "मी आल्याशिवाय सुरू करू नका" म्हणून बजावलं आणि निघाले. लेक म्हणाली, "बट आई, टुडे इज अमावस्या. मून दिसणारच नाही ना! व्हाय गो?" कुवेतमध्ये वाढलेल्या पोरीला पंचांग बरोबर कळलं होतं. मलाही मनातून तेच वाटत होतं. पण ते ठरवणारी मी कोण?

स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली रिकामी मांडलेली. हैदराबादी आचारी गव्हाच्या पोत्यांपाशी हात बांधून उभा. नव्या मशीनवर मोठ्या झोकात झळकत होतं, उद्या एक रमजान. यादी छापून तयार.

"मॅडम, गेहूँ भिगाऊँ?"

"थांबा."

सूर्यास्तानंतरची मग्रिबची नमाज झाली. टीव्हीसमोर सगळे जमले. चंद्र बघायला बसलेल्या मंडळींची बैठक चालू आहे एवढंच सांगत होते. आचारी पुन्हा आला. गहू वेळेवर भिजला नाही तर हरीस होत नाही, आणि नको असताना भिजला तर फेकावा लागतो, त्याचंही बरोबर होतं. मी पदराने घाम पुसत होते, एसी चालू असताना. शेवटी घोषणा झाली. चंद्र दिसल्याची ग्वाही कुणी दिली नाही, उद्या तीस शाबान, परवा पहिला रोजा.

मी सेटिंग उघडून एक दिवस मागे केला, ओके दाबलं. प्रोग्राम बघते तर उद्या एक रमजान, जागचा हललेला नाही. पुन्हा केलं. तेच. मागे सगळे गोळा होऊन बघत होते. मग डोकं ठिकाणावर आलं. ओटा हलवला तरी वरचं पातेलं उचलून परत ठेवावं लागतं. प्रोग्राम बंद केला, परत चालू केला. उद्या, तीस शाबान. ऑर्डरी, काही नाही.

"मत भिगाओ," मी म्हटलं, आणि खुर्चीत अशी टेकले की आचाऱ्याने विचारलं, "पानी लाऊँ?"

घरी जाऊन लक्ष्मीपूजन केलं. इतकं निवांत पूजन मी आयुष्यात केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी गहू भिजला, तिसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या निघाल्या, आणि सगळे तंबू भरल्याचा निरोप अबू नासरनी स्वतः फोन करून दिला. भारतात रोजे बहुधा आमच्यानंतर एका दिवसाने सुरू होतात, तसे ते तेव्हाही झाले. तिकडच्या पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी फोन वाजला. आवाज लांबून, बूथवरचा.

"बाय? मी इब्राहिम."

मी तयारच होते. सेटिंग कसं बदललं, प्रोग्राम बंद करून का उघडावा लागला, आचाऱ्याने कसा जीव खाल्ला, सगळं त्यांना सांगायचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते विचारतील म्हणून मी थांबले.

"बाय, आज आईबरोबर रोजा सोडला," ते म्हणाले. "तिच्या हातात ताकद नाय. तरी खजूर माझ्या तोंडात तिनंच घातलान्. म्हणाली, किती दिवसांनी रे. मी बोललो, आई, मी मोठा झालो गो, माझे केस बघ. तर बोलते, गप, खा." मग म्हणाले, "चादर आवडली तिला. पांघरून बसलीय, गरम होतंय तरी काढत नाय."

मागे बूथवर कुणीतरी घाई करत होतं. "ठेवतंय गो बाय. आई वाट बघते," म्हणाले आणि फोन बंद झाला.

मशीनचं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. इतकी वर्षं ज्या यादीपायी ते तिथे अडकून पडले होते, ती छापली की नाही, तंबू भरले की नाही, काहीही नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि मला हसू यायला लागलं. नवरा बाहेर आला, म्हणाला, "काय झालं? सगळं ठीक?"

"विसरले," मी म्हटलं. "सगळं विसरले ते." आणि मग मला रडूच आलं.